मोजायचा राहिलेला रंग

पुण्याहून निघताना मी तो कागद तीनदा पिशवीत घातला आणि तीनदा बाहेर काढला. शेवटी घातलाच. चंद्रपूरपर्यंत रेल्वे, तिथून आलापल्लीची एसटी. गोंडपिपरी गेली, वैनगंगेचा पूल गेला, आष्टी मागे पडलं आणि सागवान सुरू झाला. मार्चचं जंगल, अंगावर पान नाही. मोह गळायला लागला होता, आणि गळलेलं फूल पाचोळ्यात हरवू नये म्हणून लोकांनी झाडाझाडाच्या बुडाशी आग लावली होती. काळ्या राखेवर फिकं फूल लांबून दिसतं. धूर वर जात नव्हता. अंगावर घोंगडी ओढून झोपलेल्या माणसासारखा जमिनीलगत आडवा पसरला होता.

कागदावर दोन रेघा होत्या. एक रेघ एका ताऱ्याच्या तेजाची, कॅमेऱ्यांनी टिपलेली. दुसरी त्याच ताऱ्याची, श्रीहरी भांडेकर सरांच्या डोळ्यानं पाहिलेली. पाच वर्षांपूर्वी दोन्ही रेघांत थोडंच अंतर होतं. नंतर सरांची हळूहळू वर सरकत गेली. दरवर्षी थोडी, आणि दरवर्षी वरच.

सर आलापल्लीच्या शाळेत मला आठवीला विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन आता त्यांना बारा वर्षं झाली. शाळा सुटली तरी तारा सुटला नाही. मृग नक्षत्राच्या पायाशी ससा आहे, शशक म्हणतात त्याला. त्यातला एक तांबडा तारा सर एकतीस वर्षं पाहत आले. याद्यांमध्ये त्याला नुसती अक्षरं आणि आकडा आहे. सर त्याला गुंज म्हणतात, कारण दुर्बिणीत तो अगदी गुंजेच्या बीसारखा दिसतो, लाल आणि कडेला काळोख. एका माणसानं, एकाच डोळ्यानं, एकतीस वर्षं पाहिलेला असा तारा फार ठिकाणी सापडत नाही. डावा डोळा सरांनी लहानपणीच गमावला, बांबूची काडी लागून. उजवा तेवढा होता.

मी त्याच ताऱ्यांवर प्रबंध लिहिते. कार्बन तारे. सरांच्या वह्या त्या प्रबंधाचा कणा होत्या.

सरांच्या अंगणात त्यांच्या पत्नी सुगंधाकाकू सुपात मोहफुलं निवडत होत्या. खालच्या आवाजात गाणं चालू होतं.

मोहाच्या बुडाशी, पहाटे फूल पडे,
वेचे तो उघडे, दार राही
दार राही बाई, उन्हात तापत,
धनी वाट पाहात, कोणाची गं

मला पाहून त्या थांबल्या. "आली का? बरं झालं. सांग तुझ्या सराले. माह्यं तं आइकतच नाई. परवा गव्हाणीपाशी जाऊन नमस्कार केला यानं. या बसा म्हणे."

ओसरीवरून सरांचा आवाज आला. "कोणीतरी उभं होतं तिथी."

"गाय होती."

"गायीले नमस्कार केला तं काय बिघडलं?"

"बसा काऊन म्हटलं मंग?"

सर हसले. माझ्याकडे तोंड केलं, पण माझ्यापासून हातभर डावीकडे. "दिव्यानी ना? आवाज पुण्याचा झाला बापा तुझा."

चहा करायला काकू आत गेल्या, मीही गेले. कागद काढायचा होता, म्हणून जितका वेळ काढता येईल तितका काढत होते. काकूंनी गॅस पेटवला आणि शेगडीकडे बघत विचारलं, "मले एक सांग. तुमी इतक्या दुरून कसं वळखता का हा तारा कोळशाचा हाय? कोणी जाऊन तं आलं नाई."

माझ्याकडे पेनाएवढी एक नळी असते, उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणारी. ती त्यांच्या डोळ्याला लावली आणि ज्योतीकडे बघायला सांगितलं.

"हिरव्या-निळ्या फिती दिसते."

"तो कार्बन. ज्योतीत कार्बनच्या जोड्या असतात, त्या तो रंग देतात. ताऱ्याचा उजेड आम्ही असाच फाकवून बघतो. या ताऱ्याच्या उजेडात नेमक्या त्याच ठिकाणी काळ्या फिती असतात. शेगडी जो रंग देते तोच तारा गिळतो. म्हणून कळतं, त्याच्या अंगाभोवती कार्बन आहे. निळा सगळा गिळून टाकतो, मग उरतो तो लाल."

"सगळ्याच ताऱ्यायमंदी कोळसा नसते?"

"असतो. पण ऑक्सिजनही असतो. आधी त्या दोघांच्या जोड्या लागतात, एकास एक. जोड्या लागून जे उरतं त्याच्यावर ताऱ्याची जात ठरते. बहुतेक ताऱ्यांत ऑक्सिजन उरतो. थोड्यांत कार्बन उरतो."

"म्हंजे लग्नावाणी," काकू म्हणाल्या. "ज्याच्याकडचे जास्त उरले, मांडवात त्यायचं चालते."

"तसंच. आणि म्हातारपणी हा तारा फुगतो, आकसतो, आणि खोकल्यासारखी काजळी बाहेर टाकतो. मग आपल्याच काजळीत झाकला जातो."

काकूंनी दूध ओतलं. "सवत हाय ते माही. तीस वर्षं झाले, दिवेलागण झाली का हा माणूस तिच्याकडे जाते. आता काजळी टाकते म्हणतं तं टाकू दे. माह्या तोंडावर काय कमी हाय?"

ओसरीवर चहा झाला. मी काही बोलायच्या आत सरांनीच विचारलं. "गुंज काय म्हणते? निवळून राह्यली ना?"

हा त्यांचा शोध होता. अकरा वर्षं गुंज दर खेपेला आधीपेक्षा जास्त उजळत होती, त्यांच्या वहीत. जुनी काजळी उडून चालली आणि तारा मोकळा होतोय, असं त्यांचं मत. मला पत्र लिहून कळवलं होतं, अक्षर ओळीवरून घसरलेलं. चंद्रपूरच्या विज्ञान मंडळानं एप्रिलमध्ये त्यांचं व्याख्यानही ठेवलं होतं.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ. तेव्हा मला कळलं की कागद आणून उपयोग नव्हता. बॉलपेननं मी दोन्ही रेघा दाबून गिरवल्या, कागद उलटा केला आणि त्यांचं बोट उठलेल्या रेघेवर ठेवलं.

"ही कॅमेऱ्यांची."

बोट रेघेवरून चाललं. चढलं, उतरलं.

"आणि ही तुमची."

बोट दुसऱ्या रेघेवर गेलं. मग त्यांनी अंगठाही लावला, आणि दोन्ही रेघांवरून एकदमच चालले. सुरुवातीला अंगठा आणि बोट जेमतेम वेगळे होते. कागदाच्या शेवटी पोचेपर्यंत मधून काकूंची बांगडी गेली असती.

"खाली कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कॅमेरे."

"म्हंजे गुंज मंद हाय."

"हो सर. दरवर्षी मंदावतेय. काजळी निवळत नाही, नवी येतेय."

सर शिक्षक होते, फरक का पडला ते मला सगळं सांगावं लागलं नाही. मी फक्त अर्धं सांगितलं, बाकीचं त्यांनी पुरं केलं. लाल ताऱ्याचं तेज डोळ्यानं मोजायचं तर शेजारचे दोन तारे धरतात, ज्यांचं तेज ठाऊक असतं. गुंजेच्या शेजारचे दोन्ही निळसर पांढरे. डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडतं, मोतीबिंदूत तपकिरी होतं. तसलं भिंग निळा उजेड अडवतं आणि लाल सोडतं. शेजारचे मंद पडत गेले, गुंज जिथल्या तिथं राहिली, आणि वहीत ती उजळत गेली.

"सहा वर्षं झाले," सर म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं होतं मोतीबिंदू काढा म्हणून."

"मग का नाही काढला?"

"तुले काय शिकवलं होतं म्या? मालिका चालू हाय तोवर साधन बदलायचं नाई. दुर्बीण बदलली का पहिले दोन्ही दुर्बिणीनं पाहाचं, मंग जुनी सोडाची. डोळा तं एकच. नवं भिंग बसवलं असतं तं मालिका तुटली असती. म्हटलं, गुंज एकदा पुरी निवळू दे. मंग काढतो." थोडं थांबून म्हणाले, "साधन मात्र आपलं आपण बदलून राह्यलं होतं."

दारात काकू उभ्या होत्या, हातात रिकामी कपबशी. "मले तं सांगतलं होतं, डॉक्टर नाई म्हणते. वय झालं म्हणते."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"सहा वर्षं म्या हात धरून न्हाणीपर्यंत नेलं तुमाले," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. कपबशी ठेवून पुन्हा सुपाजवळ जाऊन बसल्या. गाणं मात्र परत सुरू झालं नाही.

आता काय करता येईल ते मी सांगितलं. माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं: कॅमेऱ्यांची चांगली नोंद पाच वर्षांची. त्याच्या आधीच्या सहा वर्षांत या ताऱ्यावर भरवशाचा दुसरा डोळा कोणाचाच नाही. फक्त सरांचा. चूक भिंगाची असेल तर ती ठराविक चालीनं वाढते, मागं मागं जात वजा करता येते, आणि सहाही वर्षं वाचतात. पण चूक सवयीची असेल तर गोष्ट वेगळी. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यात उजळत जातो. सर म्हातारपणी जास्त वेळ टक लावून बघू लागले असतील, तर त्याला हिशेब नाही. मग अकरा वर्षं बाजूला ठेवावी लागतील. दोन्हीतलं कोणतं, ते सिद्ध करायचं तर आजच्या भिंगाचा रंग मोजायला हवा.

"कसा?"

"ज्यांचं तेज बदलत नाही असे तारे घ्यायचे. एक लाल, एक निळा. तुम्ही सांगायचं कोणता किती. अशा पंचवीस-तीस जोड्या. दोन स्वच्छ संध्याकाळी पुरे."

"शुक्रवारी ऑपरेशन हाय," काकू अंगणातून म्हणाल्या. "माह्या भाच्यानं, कुलदीपनं नंबर लावला चंद्रपूरले. डॉक्टरीण म्हणे, डोळ्याचा दाब वाढून राह्यला. आता थांबले तं डोळाच जाईन."

तो मंगळवार होता. तीन संध्याकाळी होत्या.

मंगळवारी दिवस मावळला आणि धूर घरंगळत गावात आला. मी सरांना हात धरून अंगणाच्या टोकाला नेलं, जिथं त्यांच्या दुर्बिणीचं लोखंडी तिकाटणं गाडलेलं आहे. आकाशात चार-सहा तारे होते, सगळे हळद लावल्यासारखे. तिकांडं तेवढं ओळखू येत होतं, मृगाच्या कंबरेचे तीन तारे.

"राजन्य कसा हाय?" सरांनी विचारलं. राजन्य म्हणजे मृगाच्या पायातला तारा, निळ्यात निळा.

"पिवळट."

"तुलेबी?"

"मलाही."

धूर तेच करत होता जे भिंग करतं. निळा खात होता. तरी मी प्रयत्न केला: एक जोडी आधी मी बघायची, लगेच सरांनी. पण मी दुर्बिणीवरून डोळा काढून त्यांचा टेकवेपर्यंत धूर पातळ झालेला असायचा किंवा दाट. त्यानं किती खाल्लं आणि भिंगानं किती, वेगळं काढायला जागा नव्हती. बुधवारी तेच. गुरुवारी सकाळी मी मोह वेचणाऱ्या बायांकडे गेले, लगाम गावच्या वाटेवर. रुखमा मडावी नावाची बाई टोपलं कमरेवर घेऊन उभी होती.

"आजचा दिवस आग नाही लावली तर चालेल का बाई?" मी विचारलं.

"काऊन?"

"भांडेकर सरांना तारे बघायचे आहेत. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे."

ती हसली नाही, रागावली नाही. चहूकडे हात फिरवला. "मी नाई लावत. माह्या झाडाखाली नाई लावत. हे तिकडलं, एटापल्लीकडलं, कोणाकोणाले सांगशीन?"

तिनं शब्द पाळला. तिच्या झाडाखालचा पाचोळा गुरुवारी तसाच होता, आणि त्यावरून धूर वाहत होता.

घरात रंगीत दिव्यांवर करून पाहिलं. दिवा जवळचा, सरांच्या डोळ्यात त्याचं नुसतं चांदणं व्हायचं. दर खेपेला उत्तर वेगळं. दहाव्या खेपेला ते म्हणाले, "राहू दे. मी अंदाज करून राह्यलो. अंदाजानं मोजायचं नसते."

शुक्रवारी चंद्रपूरला दवाखान्यात डॉक्टर हर्षा मॅडमना मी गाठलं. तरुण होत्या, घाईत होत्या, पण ऐकून घेतलं.

"मॅडम, भिंग अख्खं निघेल का?"

"निघेल. इतकं पिकलंय की मशीननं फुटणार नाही. छेद मोठा घेऊन अख्खंच काढावं लागेल."

"मला द्याल?"

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "लोक पित्ताचे खडे मागतात. मूतखडे मागतात. भिंग कोणी मागितलं नव्हतं."

मी कागद दाखवला, दोन रेघा दाखवल्या. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात द्रवातून उजेड सोडून रंग मोजायचं यंत्र होतं. तिथल्या प्राध्यापकांना मी फोन करून ठेवला होता. भिंग दोन तासांत तिथं पोचलं की झालं. स्वच्छ आकाशाची गरजच नव्हती. हे आधी सुचलं नाही म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या होत्या.

"सलाईनमध्ये ठेवून बाहेर पाठवते," मॅडम म्हणाल्या.

बाकावर काकू आणि मी. काकूंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "निघन ना तुझं काम?" त्यांनी विचारलं.

"निघेल काकू."

"त्यायचं म्हणून इच्यारलं. माह्यं काय. माह्यं त्या डोळ्याशी काम हाय, चांदणीशी नाई."

तासाभरानं दार उघडलं आणि गोपालभाऊ बाहेर आले. दवाखान्यात वीस वर्षं काम करणारा माणूस, ट्रे उचलणं, रोग्यांना धरणं, सगळं तोच करायचा. त्यांच्या हातात काचेची छोटी कुपी, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं नाव. दोन्ही हातांनी धरली होती, जसा प्रसाद धरतात.

"मॅडमनं देली. ऑपरेशन बेस झालं. मॅडम म्हणे, भिंगाचा रंग पाहाजोगा होता. काकवीवाणी."

मी कुपी खिडकीकडे धरली. आत डाळीच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी होतं. पांढरं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट पांढरं.

"भाऊ, हे काकवीसारखं नाही."

"आतमंदी होतं. म्याच टाकलं ना कुपीत." मग समजावून सांगावं तसं म्हणाले, "मॅडमनं नुसत्या मिठाच्या पाण्यात देलं होतं. म्हटलं, गरमीचे दिवस, पुण्याले जाईपर्यंत सडन. तुमी सरसाठी इतक्या दुरून आल्या. म्हणून म्या ते पाणी फेकलं आन स्पिरिट भरलं. आता वर्षभर ठेवा, काई होत नाई."

भिंग प्रथिनाचं असतं. स्पिरिटमध्ये ते गोठतं, आणि एकदा गोठलं की अंडं जसं परत कच्चं होत नाही, तसं हेही होत नाही. आरपार काही जाणार नव्हतं. लाल नाही, निळा नाही.

"बरोबर केलं ना?" गोपालभाऊंनी विचारलं.

"हो भाऊ," मी म्हणाले. "चांगलं केलं."

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदराची गाठ सोडून सरळ केली.

मी मॅडमना भेटले. काकवीसारखा म्हणजे किती? पातळ काकवी की दाट? त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. "दाट," म्हणाल्या. "पण असं कसं सांगू तुला? मी काय मोजत नव्हते." आणि मग त्यांच्या आवाजात बदल झाला. "उद्या पट्टी काढल्यावर बोलू. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं मला थोडं बघायचंय. पिकलेल्या भिंगातून मागचं काही दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सर खाटेवर ताठ बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. मॅडमनी आत उजेड टाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग बोटं धरली. "किती?"

"बोटं कुठी हायत?"

"समोर."

सरांनी मान जरा वळवली. कडेनं पाहिलं. "तीन."

"समोरून?"

"समोरून धुई हाय. मधातच."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि खाली बसून सांगितलं. पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडा शाबूत आहेत. चालता येईल, माणसं ओळखता येतील कडेनं. वाचता येणार नाही.

"सहा वर्षांआधी काढलं असतं तं?" सरांनी विचारलं.

"तेव्हा निदान दिसलं असतं आम्हाला. उपाय लागू पडला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही."

"सांगू नका," काकू म्हणाल्या.

आलापल्लीला परत आलो. सात दिवसांनी पावसाची अवेळी एक सर येऊन गेली, अर्ध्या तासाचीच, पण धूर बसला. त्या संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं. सर म्हणाले, "चाल." मॅडमनी बघायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही इतकंच. काकूंनी स्वतः स्टूल आणून अंगणाच्या टोकाला ठेवलं.

दुर्बिणीशिवायच त्यांनी आधी वर पाहिलं. मान तिरपी. "राजन्य," ते म्हणाले. "निळा हाय ना गं? निळाच होता तो. म्या विसरलो होतो."

मग मी दुर्बीण गुंजेवर लावून दिली. मला ती दिसत होती, फार मंद, पण स्पष्ट, शेजारच्या दोन्हींच्या खाली. सर बसले. बराच वेळ बसले.

"शेजारचे दोघं सापडले," म्हणाले. "वरचा आन डावीकडचा. अजून एक बारीक हाय, तो कधी पाह्यला नव्हता म्या."

"त्या दोघांच्या मधे, थोडी खाली."

"नजर बाजूले करून पाहून राह्यलो."

मंद तारा दिसत नसेल तर नजर थोडी बाजूला न्यायची. शाळेत त्यांनीच शिकवलं होतं. डोळ्याची कड अंधारात जास्त हुशार असते. पण कडेची हुशारी निळ्यासाठी असते. काळोखात, मंद लाल उजेडाला डोळ्याची कड आंधळी असते. आकाशातले बाकी सगळे तारे सरांना थोडे थोडे मिळाले असते, मान वळवून, नजर चुकवून. ही एक मिळणार नव्हती. आणि मिळाली असती तर सगळं सुटलं असतं: नव्या डोळ्यानं गुंज कॅमेऱ्याइतकीच मंद दिसली असती, चूक भिंगाची होती हे सिद्ध झालं असतं.

हे त्यांना माझ्याआधीच ठाऊक होतं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी डोळा काढला.

"हाय का तिथी?"

"आहे सर."

"किती?"

"आठ पॉइंट सहा." तेजाचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. सरांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीत तो सात पॉइंट नऊ होता.

"लिही," ते म्हणाले. "तुह्या नावानं लिही."

सकाळी त्यांनी वह्या काढायला लावल्या. एकतीस वह्या, वर्षाची एक, शाळेच्या आखीव वह्या, पाठीवर पाढे छापलेल्या. त्यातल्या शेवटच्या अकरा वेगळ्या केल्या. व्याख्यानाचं पत्र त्यांनी आधीच कुलदीपकडून लिहवून पाठवलं होतं: येणार नाही, विषय कच्चा आहे.

"आता या नोंदीयपुढं खूण लागन," ते म्हणाले.

"ते मी पुण्याला करते सर, कॉम्प्युटरवर."

"तिथी करशीन ते तुह्यं. वही माही हाय. माह्या वहीत दुसऱ्यानं खूण कराची नसते. पण मले रेघ दिसत नाई."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आठ दिवसांत त्या सरांशी कामापुरतंच बोलल्या होत्या. पाणी. गोळी. हात द्या. आता उठल्या, सरांच्या शेजारी येऊन बसल्या आणि पेन त्यांच्या बोटांत ठेवून वरून आपला हात धरला.

"काय काढाचं?" मला विचारलं.

मी कागदावर प्रश्नचिन्ह काढून दाखवलं.

"याचा अर्थ खोटं?"

"नाही काकू. खोटं नाही. मोजता आलं नाही, एवढंच."

"मंग ठीक हाय."

मी तारीख वाचायची, आकड्यावर बोट ठेवायचं. दोघांचा मिळून हात तिथं जायचा आणि चिन्ह काढायचा. पहिली चिन्हं वाकडी आली, टिंब बाहेर पडलं. मग जमलं. पहिली वही दहा वाजेपर्यंत झाली. दुसरी, तिसरी. ऊन ओसरीवर चढलं. सर मधेच म्हणायचे, "या दिवशी थंडी लय होती," किंवा "हे दुरुस्त करून लिहिलं होतं, पाह्य," आणि चिन्ह काढायचे.

चौथ्या वहीत जानेवारीतल्या एका नोंदीपुढे समासात बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. मी तारीख आणि आकडा वाचला, समास वाचला नाही. काकूंना मुद्रित अक्षर वाचता येतं, हाताचं सावकाश येतं. त्यांनी हात थांबवला आणि वाकून, एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"सुगंधाले ताप. दोनदा आत जाऊन आलो."

सरांचं तोंड काकूंकडे नव्हतं, जरा बाजूला होतं, कारण त्यांना आता तसंच बघावं लागतं.

"इथीबी लावाचं?" काकूंनी विचारलं.

"लाव," सर म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि आकड्यापुढे चिन्ह काढलं, समासाला लागणार नाही असं. मी पुढची तारीख वाचली.